काना-मात्रा : 'आलो' म्हणणारी मुलगी आणि आणखी सहा पत्रं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले, की मराठीत फोनवर नुसतं 'पोचले' म्हटलं तरी पलीकडच्याला कळतं, बोलणारी बाई आहे. बंगालीत कळत नाही, इंग्रजीत कळत नाही. एवढ्याशा वाक्यावर सतरा पत्रं आली. त्यातली सात इथे घेतलीय. 'नाव छापू नका' असं चौघांनी लिहिलं होतं, म्हणून मी सगळ्यांचीच नावं गाळली.

मी कागल तालुक्यातली, आता हिंजवडीत नोकरी करते. ऑफिसात 'मी आलो', 'मी जेवलो' म्हटलं की सगळे हसतात. एक जण तर मला 'भाऊ' म्हणूनच हाक मारतो. माझं मराठी चुकीचं आहे का? (हिंजवडी)

चुकीचं नाही. हे इतक्या ठामपणे म्हणायला मला चाळीस वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मीही कोल्हापूरकडचीच, गडहिंग्लज तालुक्यातली. लग्न होऊन पुण्यात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, 'जेवलीस का गं?' मी म्हणाले, 'जेवलो की.' धाकटा दीर पाणी पीत होता. त्याला असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. पुढे सहा महिने घरात माझं नावच 'जेवलो की' पडलं होतं. सहा महिन्यांत जीभ वळली, नाव मागे पडलं.

नंतर मी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागले आणि ३४ वर्षं लोकांचे काना-मात्रा तपासले. 'आलो' आणि 'आले' यांत फरक फक्त एका कान्याचा. प्रुफावर त्या कान्यावर रेघ मारायची, समासात खूण करायची, पुढे जायचं. एकदा कोल्हापूरकडच्या एका लेखकाची कादंबरी आली. तिच्यातली आई, थोरली सून, शेजारीण, सगळ्या 'आलो, बसलो, दमलो' म्हणत होत्या. मी इमानेइतबारे एकूण एक काना उडवला. लेखकाकडून प्रुफं परत आली तेव्हा प्रत्येक काना जागच्या जागी परत लावलेला होता आणि पहिल्या पानावर निळ्या शाईत एक ओळ होती : 'बाई, तुमचं माहेर कुठलं?' मी उत्तर पाठवलं नाही. खरं सांगायची लाज वाटली. त्याच मे महिन्यात गडहिंग्लजच्या स्टँडवर एसटीतून उतरले आणि आई दिसल्याबरोबर तोंडातून गेलं, 'आलो गं!'

आता व्याकरणाचं. तुमच्यावर हसणाऱ्या मुलीला विचारा, ती मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली तर दुसऱ्या दिवशी काय सांगते? 'आम्ही गेलो, आम्ही बसलो, आम्ही परत आलो.' पाच बाया मिळून 'आलो' म्हणतात तेव्हा कुणाला ठसका लागत नाही. प्रमाण मराठीत 'आम्ही'ला बाई-बुवा हा भेदच नाही. 'तुम्ही'लाही नाही; 'तुम्ही आलात का?' सासऱ्यांना विचारा नाहीतर सासूबाईंना. भेद आहे तो 'मी' आणि 'तू'च्या ठिकाणी, शिवाय 'तो, ती, ते' यांच्याकडे. तिथेही सगळीकडे नाही. 'मी उद्या येईन' यावरून कळतं का कोण बोलतंय? 'मी भाकरी खाल्ली' यातल्या 'खाल्ली'चं नातं भाकरीशी, माझ्याशी नाही. म्हणजे असं बघा : 'मला उशीर झाला. मी डबा खाल्ला नाही. मला सपाटून भूक लागलीय. मी घरी जाऊन पिठलं करीन.' चार वाक्यं झाली, आणि बोलणारा पैलवान आहे की पैलवानाची बायको, याचा पत्ता नाही. 'आले-गेले', 'येते-जाते' ही मुळात कृदंतं, विशेषणाच्या जातीची, म्हणून ती लिंग मागतात. 'येईन' तसं नाही, म्हणून मागत नाही. कोल्हापूरच्या बायकांनी एवढंच केलं, की 'आम्ही'ला जी सवलत आहे ती 'मी'लाही दिली.

आणि शेजार विसरू नका. गडहिंग्लजहून कर्नाटकातलं संकेश्वर किती लांब? आमच्या गावातल्या निम्म्या बायका बाजारात कन्नड बोलायच्या. कन्नडमध्ये 'तो आला' आणि 'ती आली' यांत फरक आहे, पण 'मी'ला नाही. 'नानु बंदे' बाईही म्हणते आणि बुवाही म्हणतो. सकाळी 'बंदे' म्हणणारी जीभ संध्याकाळी मराठीत 'आलो' म्हणाली, हा शेजारधर्म मला तरी अगदी पटतो.

ऑफिसच्या पत्रात 'आले' लिहा, प्रमाणभाषेचा तो नियम आहे आणि तो पाळायला काही बिघडत नाही. बोलताना 'आलो' खुशाल म्हणा. त्या 'भाऊ' म्हणणाऱ्याला मात्र एकदा राखी बांधा, गप्प बसेल.

माझा सात वर्षांचा मुलगा विचारतो, 'बाबा आले' आणि 'आई आली' असं का? बाबा खूप जण असतात आणि आई एकटीच असते का? (ठाणे)

पोराला माझ्याकडून पेढा द्या.

'आई जवळची, म्हणून एकेरी' हे ठरलेलं उत्तर मीही माझ्या मुलीला दिलं होतं. ती म्हणाली, 'मग बाबा लांबचे?' तिथे मी अडकले. खरं उत्तर मला वाटतं असं आहे, की घरात ज्याच्या ताटात पहिली पोळी पडायची, त्याला बहुवचन मिळालं. 'आजोबा आले, आजी आली. काका आले, काकू आली.' पण 'मामा आला'! मामाला पुष्कळ घरांत बहुवचन नाही, कारण तो आईकडचा. आईचं एकवचन तिच्या भावालाही चिकटतं. माझा थोरला भाऊ जिल्हा परिषदेत मोठा साहेब होऊन निवृत्त झाला, तरी माझ्या मुलांसाठी 'मामा आला'च.

आणि एक गंमत. लग्न झालेली मराठी बाई दोघींना 'आई' म्हणते, माहेरच्याही आणि सासरच्याही. मग कळायचं कसं, कुठली? क्रियापदावरून. 'आई आली' म्हणजे माझी. 'आई आल्या' म्हणजे ह्यांची. या 'ल्या'मध्ये किती चहा, किती पदर सावरणं आणि किती टीव्हीचा आवाज कमी करणं भरलेलं असतं, ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. म्हणजे बाईलाही बहुवचन मिळतं, पण सासू झाल्यावर, आणि तेही फक्त सुनेकडून. तिचा स्वतःचा मुलगा 'आई आली' असंच म्हणतो.

नवऱ्याचं तर विचारूच नका. माझ्या आजीनं आजोबांचं नाव जन्मात घेतलं नाही. एक उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आजोबांचं नाव सोमाण्णा. म्हणून आजी 'सोमवार' हा शब्दसुद्धा उच्चारत नसे, 'महादेवाचा वार' म्हणायची. जनगणनेचा मास्तर दारात आला की 'मालकाचं नाव?' या प्रश्नावर ती मला पुढे ढकलायची. मी पाच वर्षांची, ठणठणीत आवाजात नाव सांगायची. आजोबा तिला नावानं हाक मारायचे का? तेही नाही, 'अगं ए' म्हणायचे. 'अहो' आणि 'अगं ए' यांच्यात त्यांचा ५२ वर्षांचा संसार झाला. जुन्या पुस्तकांत बाया नवऱ्याला 'इकडून येणं झालं', 'स्वारी बाहेर गेली' असं म्हणतात. म्हणजे माणसाला नावही नाही आणि सर्वनामही नाही, नुसती दिशा!

आता माझी नात 'बाबा आला' म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानाला खटकलं, हे कबूल करते. जावयाला काहीच वाटलं नाही. तुमच्या मुलाला सांगा, तुला हवं ते कर, पण दोघांना सारखं कर. मग तो काय निवडतो, ते मला पुढच्या पत्रात कळवा.

मी सरपंच आहे. तालुक्याहून पत्र येतं, 'मा. सरपंच महोदय'. गावात कुणी 'सरपंचताई' म्हणतं, कुणी 'सरपंचीणबाई'. आणि माझ्या नवऱ्याला चावडीवर सगळे नुसतं 'सरपंच' म्हणतात! बरोबर शब्द कोणता? (बीड जिल्हा)

तुमच्या पत्रात पाच वाक्यं आहेत आणि चौथ्याच्या शेवटी एक उद्गारचिन्ह आहे. ते उद्गारचिन्ह मी बराच वेळ बघत बसले.

१९९२ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. म्हणजे 'सरपंच' या शब्दाला बाईची सवय व्हायला तीन दशकं मिळालीत. पण आपल्याकडे '-ईण' प्रत्ययानं मोठी भानगड करून ठेवलीय. कुंभारीण, परटीण स्वतः काम करायच्या, पण शब्द नवऱ्याच्या धंद्यावरून आला. पाटलीणबाई म्हणजे पाटलाची बायको. डॉक्टरीणबाई म्हणजे माझ्या लहानपणी डॉक्टरांची बायको, जी गणपतीत हळदीकुंकू करायची. 'मास्तरीणबाई' मात्र खरोखर शिकवणारी असे. तेव्हा 'सरपंचीणबाई' कानावर पडलं की ऐकणारा मनात पाटलीणबाई बघतो. हा शब्द तुम्ही घेऊ नका. 'सरपंचताई'मध्ये माया आहे, पण तुमच्या आधीच्या सरपंचांना कुणी 'सरपंचदादा' म्हणायचं का, ते आठवून बघा.

माझं मत विचाराल तर नाम आहे तसं ठेवा आणि काम क्रियापदाला करू द्या. 'सरपंच आल्या. सरपंच बोलल्या. सरपंचांनी सही केली.' मराठी क्रियापद एवढं हुशार आहे, त्याचा फायदा घ्यावा. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा शब्दावरून बरीच चर्चा रंगली. शेवटी काय झालं? शब्द तसाच राहिला, बातमीत 'राष्ट्रपती म्हणाल्या' आलं आणि चार दिवसांत कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं. लेखिका, शिक्षिका, कवयित्री हे शब्द रुळलेत, ते मोडा असं मी म्हणणार नाही. पण नवी '-इका' घडवत बसण्यात मला रस नाही. एका संमेलनाच्या पत्रिकेच्या प्रुफात मी 'निमंत्रिका' वाचलं होतं. ती बाई होती की पत्रिका, शेवटपर्यंत कळलं नाही.

राहिलं 'महोदय'. तिथेही एका कान्याचाच प्रश्न आहे, 'महोदया'. कारकुनाला तो द्यायला अर्धा क्षण लागतो. कंटाळा येत असेल तर 'मा. सरपंच, ग्रामपंचायत अमुक, यांस' असं लिहावं. 'यांस' कुणालाही चालतं. सरकारी प्रतिज्ञापत्रावर तर कधीपासून 'लिहून देतो/देते की' असं छापलेलं असतं, नको ते खोडायचं. तुम्ही एक करा. तालुक्याच्या पुढच्या पत्रावर तो काना लाल शाईनं देऊन परत पाठवा. मी ३४ वर्षं हेच करून पोट भरलं.

तुमच्या नवऱ्याला 'सरपंच' म्हणतात, त्यावर माझ्याकडे व्याकरणात उपाय नाही. पण पुढच्या ग्रामसभेत कुणी त्यांच्याकडे तोंड करून 'सरपंच' म्हणालं, की उत्तर तुम्ही द्या. दर वेळी द्या.

माझा नऊ वर्षांचा मुलगा तीन बहिणींत वाढला. 'अय्या', 'इश्श', 'बाई गं' असं बोलतो. वर्गात चिडवतात. त्याची ही सवय कशी घालवू? (लातूर)

घालवायची कशाला? तुम्ही काही न करताही ती जाईल, वर्गातली पोरं घालवतील. आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं.

बघा, 'अय्या' आणि 'च्यायला' यांत अर्थाचा तसा काय फरक आहे? दोन्ही आश्चर्याचे. एक निरुपद्रवी आहे आणि दुसऱ्यात कुणाची तरी आई ओढलेली आहे. आपण मुलाला पहिल्यापासून वाचवतो, दुसऱ्याला मात्र 'पोरगं मोठं झालं' म्हणून हसून सोडून देतो. उलट बाजूला मुलींना बघा. कॉलेजच्या पोरी आता एकमेकींना 'अरे', 'यार', 'ब्रो' म्हणतात, कुणी 'च्यायला'ही म्हणते, आणि त्यांना फार कुणी चिडवत नाही. मुलीनं पुरुषी शब्द घेतला तर ती धीट, मुलानं बायकी घेतला तर तो बावळा. जाता जाता माझी वैयक्तिक तक्रार : या 'अरे'पायी 'अगं' मरायला टेकलाय. दोन मैत्रिणींच्या बोलण्यातल्या 'अगं'सारखा दुसरा शब्द मला माहीत नाही. तो जायला नको होता.

हे नवीनही नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृतात बोलतो आणि शकुंतला त्याला शौरसेनी प्राकृतात उत्तर देते. दोघांचं प्रेम जमतं, लग्न होतं, पण भाषा काही एक होत नाही. नाटकातल्या बायका गाणं म्हणायला लागल्या की महाराष्ट्री प्राकृतात शिरायच्या. आणि एक पुरुष त्या बायकांच्या बाजूला असे, विदूषक. जातीनं ब्राह्मण, पण बोलायचा प्राकृत. त्यालाही लोक हसायचेच. मजा अशी, की ज्या महाराष्ट्रीत त्या बायका गायच्या, तिच्याच वंशात तुमची-माझी मराठी आहे. त्या चिडवणाऱ्या पोरांची जीभसुद्धा त्याच घराण्यातली.

मुलाला एवढं सांगा, की शब्द चुकीचा नाही. बाकी त्याचं तो बघेल.

बायका दिवसाला २०,००० शब्द बोलतात आणि पुरुष ७,०००, हे विज्ञानानं सिद्ध झालंय. माझ्या ४१ वर्षांच्या अनुभवाशी ते जुळतं. आपण यावर का लिहीत नाही? (नागपूर)

लिहिते. ते आकडे २००६ मधल्या एका लोकप्रिय अमेरिकी पुस्तकातून पसरले, आणि त्यांच्यामागे मोजणी नव्हती. मोजणी पुढच्या वर्षी छापून आली. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रणाची यंत्रं लावली आणि दिवसाचे शब्द काढले. बायका साधारण १६,२००. पुरुष साधारण १५,७००. 'सायन्स'मध्ये २००७ साली ते प्रसिद्ध झालं. फरक पाचशेचा, म्हणजे मंडईत एका मेथीच्या जुडीचा भाव ठरेपर्यंतचा. विद्यार्थीच ते, तुमच्या वयाचे नव्हेत, हे मान्य.

'बायकांच्या पोटात काही राहत नाही' हा शाप युधिष्ठिरानं दिला, अशी महाभारतात कथा आहे. का दिला? कर्ण आपला मुलगा आहे हे कुंतीनं तो मरेपर्यंत पांडवांना सांगितलं नाही, म्हणून! बाईनं गुपित इतकं चोख ठेवलं, आणि शिक्षा मिळाली ती ही. तुमच्या पत्राची आठ पानं झालीत, हेही नम्रपणे नमूद करते.

आमच्या मालवणीत मुलीला 'ता' म्हणतात. 'चेडू शाळेत गेला.' पुण्यात माझी सून म्हणते, तुम्ही मुलीला मुलगा तरी म्हणता नाहीतर वस्तू तरी. हा अपमान आहे का? (कणकवली)

सूनबाईंच्या कानाचा घोटाळा झालाय. मालवणीत 'झील इलो, बायल इली, चेडू इला', म्हणजे मुलगा आला, बायको आली, मुलगी आली. पुल्लिंगाला 'ओ', स्त्रीलिंगाला 'ई', नपुंसकलिंगाला 'आ'. पुण्याच्या कानाला तो 'आ' पुल्लिंगी ऐकू येतो. 'गेला' म्हणजे पुण्याचं 'गेलं'. आता पोरीला नपुंसकलिंग का? गोव्याच्या कोकणीतही तरुण मुलीला 'तें' म्हणतात, बाई वयानं वाढली की 'ती' होते. आणि पुण्यातही 'पोरगं', 'लेकरू', 'कार्टं' आहेच की. लहान, आपलं, कडेवर घेण्यासारखं जे असतं त्याला मराठी 'ते' म्हणते. मला यात अपमान दिसत नाही. अपमान मला दिसतो तो 'आमचं कुटुंब आजारी आहे' यात. कुटुंब म्हणजे एकटी बायको! 'खटलं'ही तसंच. तिथे माया नसते, तिथे नाव टाळायचं असतं.

शब्दाचं लिंग आणि माणसाचं लिंग एक नाही, हे आपल्याकडे फार जुनं आहे. संस्कृतात बायकोला 'भार्या' स्त्रीलिंगी, 'दार' पुल्लिंगी आणि वर बहुवचनी, 'कलत्र' नपुंसकलिंगी. व्याकरणकार पतंजलीनं महाभाष्यात आधी सांगितलं, की स्तन आणि केस असलेली ती स्त्री, अंगावर लव असलेला तो पुरुष. लगेच स्वतःच अडचण काढली : मग 'खट्वा' स्त्रीलिंगी कशी? खाटेला काय आहे? दोन हजार वर्षांनंतर आपल्याकडे ती खाट, तो पलंग आणि ते बाजलं. झोप सगळ्यांवर सारखीच लागते.

माझं मूल २४ वर्षांचं आहे. मुलगा म्हणून वाढवलं. दोन वर्षांपूर्वी तिनं सांगितलं की ती मुलगी आहे. मी स्वीकारलंय, पण तोंडातून 'आलास', 'जेवलास' जातंच. ती गप्प होते. तिचे वडील म्हणतात, मराठीत असं चालत नाही. येत्या रविवारी ती घरी येणार आहे. (नाशिक)

आधी वडिलांचं घेते. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की आपण कोण हे ज्यानं त्यानं स्वतः ठरवायचं. हे झालं कायद्याचं. मराठीत चालत नाही म्हणता? आषाढी वारीत पंढरपूरच्या रस्त्यावर उभं राहा. ज्ञानेश्वरांना 'माऊली' म्हणतात. वारीत मिशाळ पोलीस हवालदार गर्दी हटवताना 'माऊली, बाजूला व्हा' म्हणतो आणि समोरचा दाढीवाला 'हो माऊली' म्हणतो. जनाबाईनं विठोबाला 'विठाबाई' म्हटलं. कुणी तिचं प्रूफ तपासलं नाही.

तुमच्या पत्राकडे मी मुद्रितशोधकाच्या नजरेनं पाहिलं, सवय जात नाही. पहिल्या ओळीत 'मूल'. दुसऱ्या वाक्यात लिंग टाळलंय, 'वाढवलं'. मग 'तिनं', 'ती', 'होते'. म्हणजे लिहिताना तुमचा हात एकदाही चुकलेला नाही. चुकते ती जीभ, आणि २२ वर्षांची सवय दोन वर्षांत जात नाही. मला 'जेवलो' सोडायला सहा महिने लागले होते, आणि ते एका कान्याचं काम होतं. शिवाय ते अजून सुटलेलं नाही.

अडखळाल तिथे मराठीत आडवाटा आहेत, वर पहिल्या पत्रात सांगितल्यात. 'काय खाशील?' 'तुला काय करू?' 'चहा घेणार?' यांत कुठेच लिंग लागत नाही. पण सगळा रविवार आडवाटेनं काढू नका. तिला कळेल की तुम्ही टाळताय, आणि टाळणं चुकण्यापेक्षा जास्त लागतं. तिला 'आलीस' ऐकायचंय. 'आलास' तोंडातून गेलंच तर लगेच 'आलीस' म्हणा आणि पोहे परतायला जा. प्रुफात चूक राहिली म्हणून आम्ही कधी माफीचं पत्र लिहीत बसलो नाही. खूण करायची, पुढची ओळ घ्यायची.

तिच्या येण्याआधी चार-पाच दिवस एकट्याच असताना मोठ्यानं बोलून बघा. 'दमलीस का? केवढी वाळलीस! रिक्षा मिळाली का?' शेवटच्या वाक्यात रिक्षाचं लिंग आहे, तिथे चुकणार नाही. दार उघडल्यावर अगदीच जीभ अडली, तर 'आलं का माझं बाळ' म्हणून टाका. बाळ ते बाळ. मात्र फक्त दारातच. २४ वर्षांच्या मुलीला दिवसभर बाळ म्हटलेलं आवडत नाही, माझी अजून चिडते, आणि ती तर ४० ची आहे.